लंडनहून पत्र आलं का?

पहाटे ५

मे महिना संपत आला की माझी लगीनघाई सुरू होते. दगडी पूल तपासायचे तर हेच पंधरा-वीस दिवस हातात असतात. ओढ्यानाल्यांत पाणी नसतं, खांबांचे पाय उघडे पडलेले असतात, गवत वाळून भुईला टेकलेलं असतं. एकदा मृगाचा पाऊस लागला की पूल गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि त्याच्या पायाला काय झालंय ते त्याचं त्यालाच माहीत.

पिशवी रात्रीच भरली होती, तरी पुन्हा उघडून बघतो. अर्धा किलोचा हातोडा, ओळंबा, तीस मीटरची टेप, विजेरी, दुर्बीण, खडू, टोक घासून पातळ केलेली एक सळई आणि शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या काचपट्ट्यांची डबी. तीस वर्षांपूर्वी स्ट्रक्चरल इंजिनियर झालो तेव्हा वाटलं नव्हतं की पोट चालेल ते इतक्या साध्या हत्यारांवर. आता आमच्या धंद्यातही रडार आलं, ड्रोन आले. लागतात तेव्हा मागवतो. पण पहिली ओळख हातोड्यानेच होते.

सकाळी ६

अण्णांना नव्या पुलाच्या तोंडाशी घ्यायचं ठरलेलं. अण्णा म्हणजे आमचे दगडाचे मिस्त्री. बाप पाथरवट, आजा पाथरवट. वय विचारलं की ‘पानशेत फुटलं तवा मी रांगत व्हतो’ एवढंच सांगतात. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे हिशोब लागतो.

नवा पूल हा पुणेकरांचा खास विनोद आहे आणि तो विनोद आहे हे पुणेकरांच्या लक्षातही येत नाही. मुठेवरचा हा पूल खुला झाला सप्टेंबर १९२३ मध्ये. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावाने लॉइड ब्रिज, पुढे शिवाजी पूल, आणि लोकांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून नवा पूल. शंभरी उलटली तरी नवाच. त्याच नदीवर वरच्या अंगाला लकडी पूल आहे, त्यात लाकडाचा तुकडा नाही. आमच्या गावात पुलाचं नाव त्याच्या जन्मावरून पडतं. पुढे तो काय झाला याच्याशी नावाला देणंघेणं नसतं.

चहा घेत कठड्याशी टेकलो. काळ्या दगडाच्या कमानी, खाली मुठेची बारीक धार, शेजारी नंतर बांधलेला जयंतराव टिळक पूल. पीएमटीच्या, म्हणजे आताच्या पीएमपीच्या, पहिल्या बसेस पुलावरून धडधडत जाताहेत. कठड्यावर तळहात ठेवला की बस येते तेव्हा दगडात बारीक थरथर जाणवते आणि लगेच विरते. ती विरते कशी हे माझ्या कामाचं मर्म. धक्का एका दगडाने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत तो खांबातून जमिनीत जायचा. ज्या दिवशी तो मध्येच कुठे अडतो, त्या दिवसापासून पुलाचं दुखणं सुरू.

सकाळी ७.३०

शहर मागे पडलं. आजचा पूल जुन्या रस्त्यावर, एका ओढ्यावर आहे. तीन कमानी, लांबी साधारण तीस मीटर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अहवाल अजून जायचाय. दप्तरी त्याला नाव नाहीच, किलोमीटरच्या आकड्याला लावलेला एक क्रमांक आहे. कठड्याच्या मधोमध सालाचा दगड आहे, पण त्यावर कोणीतरी शिकवणीच्या वर्गाची जाहिरात रंगवलीय. नखाने रंग खरवडला तर ‘१८’ एवढंच निघालं.

बरोबर आमची शिकाऊ इंजिनियर आहे. कॉलेजातून नुकतीच आलेली. सिमेंट-लोखंडाची गणितं तिला तोंडपाठ आहेत आणि दगड तिने कधी हातात धरलेला नाही. आम्ही गाडीतून उतरतोय तोच शेळ्या घेऊन निघालेले एक तात्या थांबले. डोक्यावर मळकी टोपी, हातात काठी. आम्हाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले,

“काय सायेब, लंडनवरनं पत्र आलं व्हय?”

हा प्रश्न मला प्रत्येक पुलावर भेटतो. कोकणात, देशावर, खानदेशात, सगळीकडे. गोष्ट अशी की ज्या इंग्रज कंपनीने पूल बांधला तिच्याकडून सरकारला पत्र येतं: आम्ही बांधलेल्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली, यापुढे जबाबदारी तुमची. ज्याने पत्र पाहिलं असा माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्याच्या मेव्हण्याच्या ऑफिसात ते आलं होतं असे पुष्कळ भेटलेत.

मी पूर्वी हसून सोडून द्यायचो. २०१६ नंतर हसू येत नाही. त्या वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना दगडी पूल गेला. बांधलेला १९२८ चा. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसट्या आणि एक मोटार अंधारात त्या खिंडारात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुकही झालं. पण दुसऱ्या दिवशीपासून गावोगाव लोक जुन्या पुलांकडे संशयाने बघायला लागले आणि पत्राची गोष्ट पक्की होऊन बसली.

“नाही आलं पत्र,” मी म्हटलं. “आम्हीच आलोय.”

“मग पाडनार?”

“आधी बघू तरी दे की त्यास्नी,” अण्णांनी मध्येच तोंड घातलं. तात्या शेळ्या सोडून आमच्या मागोमाग ओढ्यात उतरले.

सकाळी ८.१५

खालून पूल बघणं म्हणजे म्हातारा माणूस धोतर सोडून उभा असावा तसं आहे. वरून दिसणारा रुबाब इथे नसतो. असतं ते सगळं खरं.

शिकाऊ पोरीला कमान समजावली. पाचरीसारखे घडवलेले दगड अर्धवर्तुळात एकमेकांना टेकवून बसवायचे. तोवर खालून लाकडी सेंट्रिंगचा आधार. शेवटचा, मधला, चावीचा दगड बसला की सेंट्रिंग काढायचं. त्या क्षणापासून प्रत्येक दगड खाली पडू बघतो आणि शेजारचे दोघे त्याला पडू देत नाहीत. वरून जितकं वजन येईल तितके ते एकमेकांना आवळून धरतात. दगडाला दाबलेलं आवडतं, ताणलेलं सोसत नाही, आणि कमानीत ताण येऊच दिलेला नसतो. लोखंड नाही म्हणून गंज नाही. सिमेंट-लोखंडाच्या पुलात एकदा पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई फुगते आणि काँक्रीट उकलतं. इथे उकलायला काही नाही.

“म्हणजे सर, याला मुदतच नाही?”

“मुदत आहे. पण ती वर्षांत मोजत नाहीत.”

हातोडा काढला. खांबाच्या पायापासून सुरुवात. घट्ट बसलेला दगड टणकन वाजतो, त्याचा आवाज हाताला चावतो. सुटलेला दगड बद्द वाजतो, मडक्याला चीर गेल्यासारखा. अण्णा डोळे मिटून ऐकतात आणि पोरगी खडूने खुणा करते. टण, टण, टण, बद्द. फुली. पहिल्या खांबावर चार फुल्या, दुसऱ्यावर अकरा.

अकरा का, ते पायाशी कळलं. दुसऱ्या खांबाच्या वरच्या अंगाला, पाण्याचा मारा फोडायला जे टोकदार नाक बांधलेलं असतं, त्याच्या बुडाशी सळई घातली तर ती कोपरभर आत गेली. खालची वाळू-माती पुरांनी खरवडून नेलीय आणि पायाखाली कपार पडलीय. दगडी पूल वरच्या ओझ्याने क्वचित मरतात. ते पायाने मरतात. नदीतली वाळू उपसली की पात्र खोल जातं. पात्र खोल गेलं की बांधणाऱ्याने ज्या खोलीवर पाया टेकवला तो उघडा पडतो. पूल आहे तिथेच असतो, जमीनच त्याच्या पायाखालून निघून जाते.

तात्यांना विचारलं, इथली वाळू कुठे गेली? त्यांनी काठी वर करून गावाकडे दाखवली. नव्या बांधलेल्या घरांची रांग उन्हात चमकत होती. त्यातलं एक तात्यांचंही असावं, कारण पुढे ते काही बोलले नाहीत.

सकाळी १०

दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीमधल्या भिंतीत पिंपळ उगवलाय. वितभर रोप असेल असं वाटलं होतं, निघाला पुरुषभर उंचीचा. मुळं दरजेत शिरून बोटाएवढी झालेली. पिंपळाला माती लागत नाही, पाणीही फारसं नको. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, दरजेतल्या चुन्यातल्या ओलीवर रुजतं आणि मग मूळ सुताएवढ्या फटीत शिरून दरवर्षी थोडं थोडं जाड होत जातं. घडीव दगडांच्या भिंतीला आतून लावलेला हा जॅक आहे, फक्त त्याला घाई नसते.

वर्षाच्या आत असता तर दोन बोटांनी उपटून आला असता. पाच वर्षांनी कोयता लागला असता. आता पुरता काढायचा म्हणजे आजूबाजूचे आठ-दहा दगड उतरवायला लागणार. वरून नुसता छाटला तर जोमाने फुटतो. आत राहिलेलं मूळ कुजलं तर पोकळी राहते, आणि न कुजता राहिलं तर पुन्हा फुटतं.

अडचण निराळीच आहे. पिंपळाला हात कोण लावणार? रस्त्याच्या कामावरचे मजूर पिंपळ तोडत नाहीत. पिंपळावर मुंजा असतो, वंश बुडतो, वगैरे. मी याला अंधश्रद्धा म्हणून भाषण दिलं असतं, पण ज्याला उद्या त्याच गावात राहायचंय त्याला भाषण देऊन उपयोग नाही. अण्णांनी यावर तोड काढलीय. ते पिंपळ तोडत नाहीत, ‘हलवतात’. आज मोठा तसाच राहिला, तो शिडी-पाड बांधून काढावा लागेल. पण शेजारच्या दरजेतलं कोवळं रोप त्यांनी मुळासकट अलगद ओढून काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. संध्याकाळी कुठल्या तरी देवळाच्या मागे ते लावलं जाईल. पुलाचा जीव वाचतो, पिंपळाचाही, आणि मुंजालाही घर मिळतं.

“मागं रस्त्यावर गँग असायची,” अण्णा म्हणाले. “धा-बारा गडी. ह्योच रस्ता, हेच पूल. गवत काढ, भोकं साफ कर, रोपटी उपट. आता गँग न्हाई, टेंडर हाय. रोपटं उपटायचं टेंडर कोन काढतंय?”

वारसा जतनाच्या परिषदांना मी जातो, पण इतकी नेमकी मांडणी मी तिथे ऐकलेली नाही.

सकाळी ११.३०

ऊन चढलं, आता वर. पुलाच्या माथ्यावरचं काम टेपचं.

कठड्याची उंची रस्त्याकडून मोजली: ५८ सेंटिमीटर. माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. बाहेरून, मूळ पाणकाढणीच्या दगडापासून मोजली तर कमरेला लागते. मधली उंची कुठे गेली? रस्त्याच्या कडेला अण्णांनी पहारीने छोटा खड्डा घेतला आणि उत्तर मिळालं. डांबराचे थर, एकावर एक, केकसारखे कापून दिसणारे. ३४ सेंटिमीटर. दर काही वर्षांनी रस्ता नवा झाला, जुना थर कोणी खरवडला नाही. तीस मीटर लांब, सहा मीटर रुंद पुलावर एवढं डांबर म्हणजे सुमारे १४० टन. पोरीने फोनवर आकडे मांडले आणि डोळे मोठे केले: भरलेले आठ-नऊ ट्रक या पुलावर रात्रंदिवस उभे आहेत. आपण जड वाहनांना बंदीची पाटी लावतो आणि हे ट्रक कुणाला दिसत नाहीत.

बुटक्या कठड्याची किंमत कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. जानेवारी २०१८ मध्ये पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून रात्री एक मिनीबस नदीत कोसळली. १३ जण गेले. कोकणातून देवदर्शन करून येणारी पुण्याची माणसं होती. एकोणिसाव्या शतकातल्या त्या पुलाच्या कमानींनी दगा दिला नव्हता.

दुसरी गोष्ट भोकांची. कठड्याच्या बुडाशी पाणी बाहेर पडायला दगडी पन्हळी असतात आणि बाजूच्या भिंतींत निथळायची भोकं. इथल्या बारापैकी बारा बुजलेली. डांबराखाली तरी, मातीने तरी. मग पावसाचं पाणी रस्त्यातून आत झिरपतं. कमानीच्या पाठीवर दोन भिंतींमध्ये मुरूम-दगडांची भर असते, ती भिजून फुगते आणि भिंतींना बाहेर ढकलते. ओळंबा सोडला. डावी भिंत वरच्या टोकाला साडेचार सेंटिमीटर बाहेर झुकलीय. एका भेगेवर काचपट्टी चिकटवली, शेजारी आजची तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकेल. ऑक्टोबरला येऊन बघायचं. ही युक्ती आजोबांच्या काळातली आहे आणि अजून तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मिळालेला नाही.

दुपारी १

जेवण पुलाखालीच. वर चाळीस अंश तापलेलं, कमानीखाली अंगावर शिरशिरी येईल असा गारवा. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि तात्यांच्या घरून आलेलं ताक. मघाचा अबोला ताकाने मिटला.

विषय चुन्याचा निघाला. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजायचे, विझवायचे, वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलांच्या घाण्यावर दळायचे. असा चुना ओलीतही धरतो आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा घालायच्या पाककृती प्रत्येक घराण्याच्या वेगळ्या. अण्णांची त्यांच्या वडिलांची आहे आणि ते ती मला पूर्ण सांगत नाहीत.

वर बघा, म्हणून त्यांनी बोट दाखवलं. कमानीच्या पोटाला मधल्या पट्ट्यात दरजा राखाडी दिसतात. कधीतरी कोणीतरी सिमेंटने भरल्यात, चांगल्या मनाने. आणि नेमक्या त्याच पट्ट्याच्या कडांनी पांढरे ओघळ उतरलेत, काही ठिकाणी बोटभर लोंबणारे खडे तयार झालेत. काळा दगड पाणी पीत नाही. पाण्याची ये-जा होते ती दरजेतून. चुन्याची दरज मऊ असते, पाणी बाहेर सोडते, इमारत हलली तर थोडी वाकते. सिमेंटची दरज दगडापेक्षा हट्टी. तिने वाट अडवली की पाणी आत कोंडतं, आतला चुना विरघळवतं आणि जिथे जागा मिळेल तिथून त्याला घेऊन बाहेर येतं. ते पांढरे ओघळ म्हणजे पुलाच्या आतला चुना आहे. बाहेरून टापटीप, आतून पोकळ.

“दरज ही दगडापरीस कच्चीच पायजे,” अण्णा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. “झिजली तर दरज झिजंल, दगड न्हाई. दरज पुन्यांदा भरता येती.”

पोरीने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं, तिच्या नकळत.

ब्रिटिशकालीन म्हणतो आपण या पुलांना, आणि नकाशा काढणारा हात गोरा होताही. पण खाणीतून दगड काढणारे वडार इथले, टाकी चालवणारे पाथरवट इथले, चुनखडी इथली. दुसऱ्या खांबाच्या एका दगडावर, नजरेच्या उंचीवर, टाकीने कोरलेली छोटीशी त्रिशूळासारखी खूण आहे. घडवणाऱ्याची सही असावी. अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि भांडी धुवायला गेले.

दुपारी ३.३०

एका कार्यालयात बैठक. पंखा, चहा, टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो.

साहेब भला माणूस आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: जुना पाडून नवा बांधायचा प्रस्ताव केला तर निधी मिळतो. दुरुस्तीला लेखाशीर्ष शोधावं लागतं. आणि दुरुस्त केलेला पूल उद्या पडला तर सही माझी. नव्यावर निदान माझी बदली होईपर्यंत कोणी बोलणार नाही. याला मी काय उत्तर देणार? महाडनंतर प्रत्येक सहीखाली ती रात्र असते.

मग तो म्हणाला, “वारसा यादीत आहे का तुमचा पूल? असेल तर हात लावत नाही.”

नाही. इथे मला त्या शंभरच्या आकड्याची गंमत वाटते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात एखादी वास्तू राष्ट्रीय संरक्षणाला पात्र व्हायची तर ती किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. म्हणजे पारावरच्या माणसाच्या हिशोबात शंभराव्या वर्षी पुलाची मुदत संपते आणि कायद्याच्या हिशोबात शंभराव्या वर्षी त्याची पात्रता सुरू होते. पात्र म्हणजे संरक्षित नव्हे. संरक्षित व्हायला कोणीतरी अधिसूचना काढावी लागते आणि वाहत्या रस्त्यावरच्या पुलासाठी ती सहसा निघत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, त्यात श्रेणी एक, दोन, तीन आहेत. पण ती शहरांची सोय. ओढ्यावरचा पूल शहराच्या हद्दीबाहेर, पुरातत्त्वाच्या नजरेबाहेर. त्याच्याकडे फक्त क्रमांक आहे.

आणि संरक्षण मिळालं म्हणजे सगळं साधतं असंही नाही. पुन्हा कोल्हापूरच घ्या. शिवाजी पुलाशेजारी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं, सातवाहनकालीन वस्ती सापडली. तिथूनच मिळालेली समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची छोटी ब्राँझमूर्ती कोल्हापुरात टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. ही टेकडी संरक्षित, त्यामुळे २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे भोवती शंभर मीटर बांधकाम बंद आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीने. पर्यायी पूल त्यात सापडला आणि वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळत राहिला. सगळा भार जुन्याच पुलावर. एक वारसा जपण्याचा कायदा दुसऱ्या वारशाच्या खांद्यावर बसला होता. अपघातानंतर चक्रं हलली आणि नवा पूल पुढे पूर्ण झाला. मी पुरातत्त्वाच्या बाजूचा माणूस आहे, तरी त्या वर्षी मला माझी बाजू सांगता येत नव्हती.

“मुंबईचा कर्नाक पूल बघा,” साहेब म्हणाला. “पाडलाच ना शेवटी?”

पाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, रेल्वे थांबवून. दीडशेहून अधिक वर्षं जुना. इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत नाव कोरलेले त्याचे दगड ठेवून घेतले. कधी कधी तेवढंच हाती लागतं आणि मी ते वाईट म्हणत नाही. प्रत्येक पूल वाचावा असा माझा हट्ट नाही. कुठला वाचेल हे हातोडा मारून ठरवा, साल बघून ठरवू नका, एवढंच म्हणणं.

साहेबाने घड्याळाकडे बघितलं. “अहवाल द्या,” म्हणाला. “लेखी.”

संध्याकाळी ६

घरी जाताना वाकडी वाट करून बंडगार्डनला थांबलो. पोरीला फिट्झजेराल्ड पूल दाखवायचा होता. मुळा-मुठेवरचा, १८६० च्या दशकातला, कॅप्टन सेलन या लष्करी इंजिनियरचा. शेजारी सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून बांधलेला बंधारा, ज्याच्यावरून बागेला बंडगार्डन नाव पडलं. पुलावरची वाहनं बंद होऊन कैक वर्षं झाली. गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि इथे लोक फिरायला येतात. एक मुलगा कठड्याला सायकल टेकवून फोनवर कुणाशी तरी लाडात बोलतोय. दोन आज्या बाकावर बसून सुनेबद्दल बोलताहेत.

“हे बेस्ट ना सर? पेन्शनीत काढायचं. शेजारी नवा बांधायचा.”

जागा असेल, पैसा असेल, शहर असेल तर बेस्टच. पण माझं मन सांगलीच्या आयर्विन पुलाकडे जातं. ब्रिटिशकालीन म्हणतात, पण बांधला सांगलीच्या पटवर्धन संस्थानाने, १९२९ मध्ये, नाव दिलं व्हाइसरॉयचं. पावसाळ्यात अख्खं शहर त्या पुलाच्या आकड्यावर जगतं. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. कोयनेतून पाणी सुटलं की घरोघरी एकच प्रश्न, ‘आयर्विनला किती?’ सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते त्यावर ठरतं. गावाच्या रोजच्या बोलण्यात असलेल्या पुलाला भेग पडली तर दुसऱ्या दिवशी शंभर जण ओरडतील. आमच्या ओढ्यावरच्या पुलाला पिंपळ फुटून पुरुषभर झाला आणि तो सांगायला कोणी आलं नाही.

म्हणून मला वाटतं, जुन्या पुलाला वारशाच्या निळ्या पाटीपेक्षा त्याच्याकडे रोज बघणारं माणूस जास्त उपयोगी. पूर्वी ते माणूस पगारावर होतं, गँगमध्ये. आता ते कोण, हे ठरायचंय.

रात्री ९.३०

जेवण झालं. टेबलावर खडूने माखलेली वही आणि संगणक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल-तपासणी पुस्तिकेतला तक्ता समोर. सरकारी मराठी माझ्या हाताला आता सवयीची झालीय, पेन उचललं की आपोआप येते:

‘सदर पुलाची समक्ष पाहणी केली असता पुढील बाबी निदर्शनास आल्या. १) खांब क्र. २ च्या वरील बाजूस पायाखाली कपार. पावसाळ्यापूर्वी दगडांनी भरून घेणे, तातडीचे. २) डांबराचे थर ३४ सें.मी., खरवडून काढणे, नवा थर त्यावर टाकू नये. ३) पाणी निथळण्याची १२ भोके बुजलेली, मोकळी करणे. ४) पिंपळ, मुळासह काढणे, उतरवलेले दगड क्रमांक टाकून पुन्हा त्याच जागी बसवणे. ५) दरजा चुन्यानेच भरणे, सिमेंट वापरू नये. ६) सालाच्या दगडावरील जाहिरात पुसणे.’

सहावा मुद्दा साहेब खोडणार. तरी लिहिला.

त्याखाली आणखी एक ओळ टाकली, जी कुठल्याच पुस्तिकेत नाही: ‘वरील कामांपैकी क्र. ३ हे दोन मजुरांचे दोन दिवसांचे काम असून ते दरवर्षी करावे.’ हे वाक्य लिहिताना थोडा वेळ थांबलो. तीस वर्षांच्या अनुभवाचं सार ‘भोकं साफ करा’ एवढंच निघावं याची लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

‘पुढील तपासणी: ऑक्टोबर, पाणी ओसरल्यावर.’ जावक क्रमांकाची जागा रिकामी ठेवली. तो उद्या कार्यालयात पडेल, पडला तर.

फोन वाजला. अण्णा.

“सायेब, रोपटं लावलं म्हसोबाच्या मागं. तांब्याभर पानी बी घातलं. तुमचं काय चाललंय?”

“पत्र लिहितोय, अण्णा. त्या पुलाचं.”

“लंडनला?” त्यांना हसू आवरेना.

“नाही हो. इथंच.”

पलीकडे जरा शांतता. अण्णा विचार करत असावेत.

“मग येळ लागंल,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.